गंजून पडलेला जुना स्नोब्लोअर पुन्हा चालता करताना

जुना स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र, हाती आला की बहुतेक जण आधी दोरी ओढून बघतात. इंजिन फुरफुरलं तर खूश, नाही तर रवानगी भंगारात. मी उलट टोकाकडून सुरुवात करते. इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन बंद पडायची कारणं मोजकी असतात आणि त्यातली निम्मी कार्ब्युरेटरच्या वाटीत सापडतात. यंत्र खऱ्या अर्थाने मरतं ते पुढच्या बाजूला, जिथे बर्फ, मीठ आणि पाणी रोज लागतं. तिथला गिअरबॉक्स फुटलेला असेल, तर मागे इंजिन कितीही गोड वाजू दे, बर्फ जागचा हलायचा नाही.

मी इथे लिहितेय ते दोन टप्प्यांच्या यंत्राबद्दल. पुढचा दातेरी, सर्पिल ऑगर बर्फ फोडून मध्यभागी ओढतो, त्याच्या मागे जोरात फिरणारा इम्पेलर तो शूट नावाच्या नळकांड्यातून लांब भिरकावतो, आणि चाकं इंजिनवर चालतात. रबरी पात्यांचं एका टप्प्याचं हलकं यंत्र वेगळं. त्यात हा गिअरबॉक्स नसतो, आणि जुन्यांपैकी बऱ्याच यंत्रांचं इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. तुमच्याकडे ते असेल तर खालचा कार्ब्युरेटरचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

घ्यावा की सोडावा

पहिलं काम, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. नुसती काढून लोंबती ठेवू नका, ती परत प्लगला टेकते. दुसरं, इंजिन बंद असलं तरी शूटमध्ये किंवा ऑगरमध्ये हात घालायचा नाही. पट्ट्यात ताण साठलेला असतो, आणि अडकलेली वस्तू सुटली की इम्पेलर झटक्यात फिरतो. या यंत्राने बोटं जातात ती बहुतेक अशीच, अडकलेला बर्फ हाताने काढताना. काठी वापरा. दुरुस्ती करताना सुद्धा मी इम्पेलर लाकडाच्या तुकड्याने ढकलते.

आता इम्पेलर काठीने हळू फिरवा आणि ऑगरकडे बघा. इम्पेलरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या की ऑगर थोडासा सरकला पाहिजे. इम्पेलर फिरतोय आणि मधला आडवा दांडा मुळीच हलत नाही, तर गिअरबॉक्समधल्या पितळी गिअरचे दाते गेले. दांडा फिरतोय पण ऑगर थांबलेला, तर आनंद माना, नुसती शिअर पिन, म्हणजे ऑगर दांड्याला जोडणारी मऊ पिन, तुटली आहे.

मग शिअर पिना काढा. ऑगरच्या दोन्ही बाजूंना एकेक असते, काही यंत्रांत दोन. पिन काढल्यावर ऑगर दांड्यावर हाताने सहज गरगर फिरला पाहिजे. जुन्या यंत्रांत बहुधा फिरत नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं. त्यावर पुढे सविस्तर.

काढलेली पिन हातात घेऊन तिचं डोकं नीट बघा. डोक्यावर सहा रेघा असतील, किंवा १०.९ असा आकडा असेल, तर आधीच्या मालकाने पिनेऐवजी कडक पोलादी बोल्ट ठोकला आहे. पिना सारख्या तुटतात म्हणून लोक हा उद्योग करतात. पिन तुटावी म्हणूनच तर ती मऊ बनवलेली असते. तिने तुटायचं नाकारलं की पुढचा नंबर गिअरबॉक्सचा. असा बोल्ट दिसला तर गिअरबॉक्स दुप्पट संशयाने तपासा: बाहेरून चीर, सीलपाशी ओघळ, दांड्याला खडखडाट.

शेवटी ऑगरभोवतीच्या कवचाचा तळ. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा जाड असेल तर वरचा गंज दिसायला भयंकर असला तरी काही बिघडत नाही. तळ गंजून चाळण झालाय आणि गिअरबॉक्सही फुटलाय, असं दोन्ही एकदम असेल तर ते यंत्र सुट्या भागांसाठी ठेवून द्यावं. दोन्हींपैकी एकच असेल तर मी घेते.

वयाचं म्हणाल तर भिऊ नका. एरियन्स या अमेरिकी कंपनीचं मागे चालत चालवायचं पहिलं यंत्र १९६० मध्ये आलं, आणि त्या जमान्यातली जाड पत्र्याची यंत्रं अजून बर्फ काढताना दिसतात. फक्त एक लक्षात ठेवा. फार जुन्या यंत्रांना हँडलवर ‘हात सोडला की थांब’ असे लिव्हर नसतात. तुम्ही पाय घसरून पडलात तरी ऑगर फिरतच राहतो. असं यंत्र दुरुस्त करण्याजोगं जरूर असतं, पण घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायच्या लायकीचं नसतं.

इंजिनावर टेकमसे या जुन्या इंजिन कंपनीचं नाव दिसलं तरी बिचकू नका. ‘स्नो किंग’ मालिकेतली ही इंजिनं वर्षानुवर्षं अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर बसत होती. २००८ च्या अखेरीला त्यांचं उत्पादन बंद झालं, पण इंजिनं इतकी विखुरलेली आहेत की कार्ब्युरेटर, गॅस्केट, ठिणगी देणारी कॉइल अजून बनतात. ऑर्डर देताना इंजिनाच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर द्यायचा, यंत्राचा नव्हे. पट्टे, पिना आणि गिअर मात्र यंत्राच्या नंबरवर मिळतात. दोन्ही नंबर लिहून फोटो काढून ठेवा, कारण घासकामात एखादी पट्टी हमखास वाचेनाशी होते.

दांड्याला चिकटलेला ऑगर

दांडा आतला, त्यावर ऑगरची नळी, दोघांना जोडणारी फक्त शिअर पिन. रचना एवढीच. ग्रीस वेळेवर गेलं नाही की पाणी आत शिरतं, गंज फुगतो आणि नळी-दांडा एकजीव होतात. यंत्र चालतं, बर्फही उडतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी बर्फाखालचा दगड किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी आत जाते, पिन आपलं काम करायला तयार असते, पण तुटून उपयोग नाही, कारण ऑगर गंजानेच दांड्याला धरलेला आहे. सगळा धक्का थेट पितळी दात्यांवर. म्हणून चालू यंत्राचीही ही परीक्षा दरवर्षी करावी असं माझं मत आहे.

सोडवायला घाई चालत नाही. ऑगरच्या नळीवर ग्रीस भरायचं निपल असेल तर ते काढा आणि त्या भोकातून गंज सोडवणारं तेल आत सोडा. पिनेच्या भोकातून आणि दोन्ही टोकांनाही सोडा. यंत्र एका कुशीवर कलतं ठेवलं तर तेल नळीत उतरतं. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी परत. बाजारी तेलाऐवजी मी ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरते. ते लवकर वेगळं होतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. आणि ॲसिटोन पेटतं, हे डोक्यात ठेवायचं.

मग हातोडी. ऑगरच्या पात्यावर मारायचं नाही, ते वाकतं. नळीवर, गोल फिरत, छोटे छोटे टोले. खालून दुसरी जड हातोडी टेकवून धरली तर टोला वाया जात नाही. टोल्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. पिनेच्या भोकाभोवतीचा भाग सगळ्यात घट्ट असतो, तिथे जास्त वेळ द्या.

लांब पाइप लावून ऑगर पिळायचा मोह होईल. आवरा. आतला दांडा तुम्ही धरलेला नाही, तो गिअरने धरलेला आहे. तुमच्या पाइपचं सगळं बळ त्याच पितळी दात्यांवर जातं, आणि जे वाचवायला निघालो तेच मोडतं. लाकडी ठोकळ्याने ऑगरच्या कडेला मागे-पुढे, मागे-पुढे हलके धक्के द्या. अगदी केसभर हलला की समजा जिंकलात. तेल, धक्का, तेल, धक्का. इथून पुढे तो दर फेरीला थोडा जास्त हलतो, आणि फटीतून लाल चिखल बाहेर यायला लागतो.

तरीही ढिम्म असेल तर संपूर्ण जोडणी बाहेर काढा. दोन्ही कडांची बेअरिंगं सोडली, पट्टे उतरवले आणि इम्पेलर दांड्याची मागची पुली काढली की ऑगर, गिअरबॉक्स आणि इम्पेलर एकत्र पुढे ओढून निघतात. आता दांड्याचं टोक शिकंज्यात पकडता येतं, म्हणजे गिअरवर ताण येत नाही, आणि गॅसची टॉर्चही वापरता येते. टॉर्च पेटवण्याआधी यंत्राची टाकी रिकामी आणि यंत्र दूर, शिवाय कालचं तेल-ॲसिटोन पूर्ण पुसलेलं. नळीचं बाहेरचं टोक तापवा, गिअरबॉक्सकडचं नाही, तिथले रबरी सील वितळतात. नळी तापून फुगली की लगेच पिळायची.

ऑगर निघाला की दांडा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नळी आतून तारेच्या ब्रशने घासा, आणि पाण्याला दाद न देणारं, बोटींसाठी वापरतात तसलं ग्रीस भरपूर चोपडून परत चढवा. निपल नसेल तर भोक पाडून बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. पुढे दरवर्षी ग्रीस भरताना पिना काढून भरायचं आणि ऑगर हाताने फिरवत राहायचं. पिना लावलेल्या असताना ग्रीस दाबलं तर ते एकाच बाजूला बसून राहतं.

गिअरबॉक्सचं बूच उघडून आतलं तेल बघा. दुधाळ, राखाडी दिसलं तर पाणी शिरलंय. पिचकारीने ओढून काढा, रॉकेलने धुवा, सील बदला, परत भरा. काही गिअरबॉक्सांत पातळ, जवळजवळ ओघळणारं ग्रीस असतं, काहींत ८०डब्ल्यू-९० गिअर तेल. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला. नेहमीचं घट्ट ग्रीस कोंबलं की गिअर त्यात स्वतःपुरती चर पाडतो आणि पुढे त्या चरीत कोरडाच फिरतो.

इम्पेलरचा दांडा वर-खाली हलवून बघा. कवचाच्या मागचं बेअरिंग झिजलं असेल तर इम्पेलर कवचाला घासतो आणि पट्टाही सरकतो. बेअरिंग बदलणं सोपं आहे, आणि जोडणी बाहेर काढलेलीच असेल तर ते आत्ताच करावं.

एक सुधारणा मी जवळपास प्रत्येक जुन्या यंत्रात करते. इम्पेलरची पाती आणि कवच यांच्यात जुन्या यंत्रांत अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फट असते. कोरडा बर्फ त्यातूनही उडतो, पण पाणचट बर्फ फटीतून मागे घसरतो आणि शूट तुंबतं. पात्यांच्या टोकाला जाड, कापडी धाग्याचं रबर बोल्टने बसवायचं, कवचाला जेमतेम टेकेल असं. समोरासमोरच्या पात्यांवर सारख्याच वजनाचे तुकडे लावायचे, नाहीतर यंत्र थरथरतं. नट न सुटणारे, नायलॉनच्या कड्याचे घ्या. यानंतर चिखलासारखा बर्फही शूटमधून जातो.

पट्टे आणि चकती

मागच्या भागाला हात घालण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढा, कारण यंत्र पुढे, कवचावर उभं करायचं आहे. इंजिन तेलही आधीच काढलेलं असलं तर उत्तम, ते सिलिंडरात उतरत नाही. तळाचा पत्रा उघडला की चालवण्याची सगळी यंत्रणा समोर येते.

ती समजून घेतली की दुरुस्ती आपोआप कळते. इंजिनाच्या पट्ट्याने एक सपाट धातूची चकती फिरते. तिच्यावर काटकोनात एक रबरी कडेचं चाक दाबलं जातं. गिअरचा दांडा हलवला की हे चाक चकतीवर आडवं सरकतं: मध्याजवळ असेल तर हळू, कडेला गेलं तर वेगात, मध्य ओलांडून पलीकडे गेलं की उलट. बस्स, एवढाच ‘गिअर’. यंत्र चालताना घसरत असेल तर रबर झिजलेलं असतं किंवा चकतीवर तेलाचा थेंब पडलेला असतो. रबर धातूच्या कड्यापर्यंत आलं असेल, तडकलं असेल, तर बदला. चकती ब्रेक क्लीनरने पुसा. गिअर घट्ट असेल तर ज्या षटकोनी दांड्यावर हे चाक सरकतं तो गंजलेला आहे. तो घासून त्यावर तेलाचा नुसता हात फिरवा. इथे उदारपणे तेल ओतणाऱ्याला चकती परत पुसावी लागते.

पट्टे बदलायला बऱ्याच यंत्रांचे दोन तुकडे करावे लागतात. पुढचं कवच आणि मागचा गाडा यांना जोडणारे बोल्ट काढले की यंत्र मधोमध दुमडतं, आणि आधार नसेल तर धाडकन. हँडलखाली ठोकळे लावून मगच शेवटचा बोल्ट काढा. पट्टा कसा, कुठल्या पुलीवरून, कुठल्या बोटाच्या आतून जातो याचा फोटो आधी घ्या. पुलीजवळ तारेची किंवा पट्टीची ‘बोटं’ असतात. लिव्हर सोडल्यावर ढिला पडलेला पट्टा पुलीवरून उतरू नये म्हणून ती असतात. लिव्हर दाबलेल्या स्थितीत बोट आणि पट्टा यांत साधारण ३ मिलिमीटर जागा ठेवा.

पट्टा नुसता लांबी-रुंदी जुळवून आणू नका. इथे पट्टा क्लचचंही काम करतो, म्हणजे ढिला असताना घासतो आणि ताणला की पकडतो. त्यासाठी मजबूत धाग्याचे, कापडी आवरणाचे पट्टे येतात. साधा पट्टा लावला तर एकतर लवकर जळतो, नाहीतर लिव्हर सोडल्यावरही ऑगर ओढत राहतो. दुसरं जास्त वाईट.

चाकं दांड्यावरून एकदा काढाच. काढली नाहीत तर ती पुढच्या वेळी निघणारच नाहीत. दांडा घासून ग्रीस लावा. टायरमध्ये हवा दोन्हीकडे सारखी हवी. एक बाजू बसलेली असली की यंत्र तिकडे ओढतं आणि खालची पट्टी तिरकी झिजते.

इंजिन

आधी इंजिनावरचा पत्रा काढा, दोरी ओढण्याआधी. पडून राहिलेल्या यंत्रात पंख्याखाली उंदरांचं घरटं सापडणं नेहमीचंच. ते थंडाव्याच्या पात्यांमध्ये गच्च बसलेलं असतं, इंजिन तसंच चालवलं तर तापून बसतं. शिवाय कॉइलची वायर कुरतडलेली असते. घरटं कोरडं झाडू नका. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओलं करून उचला. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरससारखे गंभीर आजार होतात.

प्लग काढा, भोकातून चमचाभर तेल सोडा, दोरी हळू ओढा. पिस्टन अडकला असेल तर जोर न लावता तेल दोन-तीन दिवस मुरू द्या. फिरायला लागला की इंजिन तेल बदला. या थंडीच्या इंजिनांना साधारणपणे ५डब्ल्यू-३० लागतं. दाब मोजायचं गेज लावणार असाल तर आकडा बघून निराश होऊ नका. दोरी हलकी जावी म्हणून सुरुवातीला दाब थोडा सोडून देण्याची सोय यांत असते, त्यामुळे आकडा कमीच येतो.

ठिणगी बघायला प्लग वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं. निळी, तडतडती ठिणगी हवी. नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली की इंजिन कायमचं ‘बंद’ राहतं. मग फ्लायव्हील या जड फिरत्या चाकाचं चुंबक आणि कॉइलचे पाय पॉलिश पेपरने घासा. दोघांतलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर. एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरायचं, चुंबकाला कॉइल खेचू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून काढायचं. अगदी जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली ठिणगीचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट असतात. ते साफ करून फट ०.५ मिलिमीटर ठेवतात. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन उलटं फटकारतं किंवा कार्ब्युरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो, तर फ्लायव्हील दांड्यावर जागेवर धरणारी मऊ चावी कातरली गेली असेल. अर्धवट कातरलेली चावी सुद्धा ठिणगीची वेळ चुकवते, म्हणून ती काढून उजेडात बघायची.

आता कार्ब्युरेटर. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळं वार्निश ठेवतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पाणीही ओढून घेतं, आणि वाटीच्या तळाशी पांढरी बुरशीसारखी पूड बसते. स्प्रिंगा कुठल्या भोकात अडकवलेल्या आहेत त्याचा फोटो काढल्याशिवाय काही सोडू नका. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग शेजारच्या भोकात गेली तर तो वेग भलतीकडे जातो.

वाटीला खालून एक बोल्ट असतो. टेकमसेच्या बऱ्याच कार्ब्युरेटरांत हा बोल्टच मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भाग, असतो. त्यातलं मोठं भोक चटकन दिसतं, लोक ते साफ करतात आणि बोल्ट परत लावतात. दुसरं भोक आट्यांजवळच्या खाचेत असतं, केसाएवढं बारीक, आणि वार्निशने भरलं की तिथे भोक आहे हेच कळत नाही. बोल्ट उजेडासमोर फिरवत बघा, भिंग वापरा. विजेच्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार उपसून त्यातून घाला. पोलादी सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की हिशेब बिघडला. इंजिन चोक अर्धा ठेवला की नीट चालतं आणि चोक काढला की हुंकार भरल्यासारखं वर-खाली करतं, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच भोक. लोक गव्हर्नरची स्प्रिंग वाकवून हे बंद करायला बघतात. स्प्रिंगचा काही संबंध नाही, पेट्रोल कमी पडतंय.

वाटीत तरंगणारा फ्लोट हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो गळका आहे, टाका. फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई ज्या छोट्या रबरी कड्यावर बसते ते बदलताना खाचेची बाजू आत, सपाट बाजू सुईकडे. कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंका. हवा गेली नाही तर सुई नीट बसली. उलटा धरल्यावर फ्लोट कार्ब्युरेटरच्या तळकडेला समांतर दिसला पाहिजे. स्क्रूने जुळवायचा प्रकार असेल तर मुख्य स्क्रू हलकेच बसवून दीड फेरी उघडा, मंद गतीचा एक फेरी. चालू झाल्यावर तिथून पुढे कानाने.

पेट्रोलची नळी कडक झालेली असेल तर विचार न करता बदला, सुरू करताना पेट्रोल आत ढकलणारा प्रायमरचा रबरी फुगा चिरला असेल तर तोही. टाकी लोखंडी आणि आतून गंजलेली असेल तर व्हिनेगर आणि मूठभर नट घालून खळखळवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा.

आणि एअर फिल्टर शोधत बसू नका. या इंजिनांना तो मुद्दामच दिलेला नसतो. बर्फात धूळ नसते, उलट बर्फाची भुकटी फिल्टरवर बसून गोठली तर इंजिन गुदमरतं. कार्ब्युरेटरभोवतीचा पत्र्याचा डबा मात्र परत लावायलाच हवा. तो सायलेन्सरकडची गरम हवा आत देतो, नाहीतर ऐन थंडीत कार्ब्युरेटरच गोठतो.

सुरू करताना

बाहेर, मोकळ्या हवेत. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून आत चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ताजं पेट्रोल, थ्रॉटल पूर्ण, चोक पूर्ण, प्रायमर दोन-तीनदा, आणि ओढा. पकडलं की चोक हळूहळू काढा. भिंतीतल्या विजेवरचा स्टार्टर असेल तर वायरचं आवरण आधी तपासा, आणि एका वेळी पाचेक सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये थंड होऊ द्या. सिलिंडरात सोडलेलं तेल जळेपर्यंत निळा धूर येणारच.

इंजिन स्थिर चाललं की ऑगरची लिव्हर दाबा आणि सोडा. सोडल्यावर ५ सेकंदांच्या आत ऑगर थांबला पाहिजे. थांबत नसेल तर केबल फार ताणलेली आहे किंवा पट्ट्याची बोटं जागेवर नाहीत. हे जमेपर्यंत यंत्र बर्फात न्यायचं नाही.

खालची खरवडायची पट्टी झिजली असेल तर उलटी करून बघा, बऱ्याच यंत्रांत ती दोन्हीकडून वापरता येते. बाजूचे स्किड शू, म्हणजे जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या, फरसबंद जागेसाठी असे लावा की पट्टी जमिनीपासून ३ मिलिमीटर वर राहील. खडीवर चालवणार असाल तर अडीच-तीन सेंटिमीटर, नाहीतर यंत्र दगड फेकतं. मोजताना सपाट जमीन आणि टायरात नेमकी हवा.

रंगाचं मी फारसं मनावर घेत नाही. बाहेरून वायर ब्रश, गंज थांबवणारा लेप आणि हाताला येईल तो रंग पुरे. पण शूट आणि इम्पेलरच्या कवचाचा आतला भाग गुळगुळीत हवाच, कारण खरखरीत गंजाला बर्फ चिकटतो. तिथे नीट घासून, चकचकीत रंगाचे दोन हात देऊन, वर मेण किंवा सिलिकॉन. शूट जिथे फिरतं त्या कड्याला ग्रीस.

पहिल्या खऱ्या बर्फानंतर सगळे बोल्ट परत आवळा. नवा पट्टा तोवर थोडा ताणलेला असतो, केबल जुळवून घ्या. काम झालं की यंत्र लगेच बंद न करता ऑगर मिनिटभर रिकामा फिरू द्या. आतला बर्फ तेव्हाच बाहेर पडला नाही तर रात्रीत गोठतो, आणि सकाळी पट्टा जळतो. हँडलला एक डबी बांधून त्यात योग्य मापाच्या चार शिअर पिना, नट आणि त्यांचा पाना ठेवा. तुटणार त्या अंधारातच, आणि हातमोजे घातलेले असताना.